उंच केलेली जीप आणि सतरा नंबरचा फॉर्म

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकतो. आता साठी आली तरी तापतं, मंग तेव्हा तर मी पंचविशीत होतो. आमच्या घरात पहिल्यापासून मेंढरं. बापानं त्यातली निम्मी विकली आणि सरकारी खात्याच्या लिलावातली एक जुनी जीप माझ्या हवाली केली. गावातून घनसावंगीला सवाऱ्या न्यायच्या, आणायच्या, हा माझा धंदा. कागदावर नऊ माणसं, खरी अठरा. मागं लोंबकळणारे मोजायचेच न्हाईत, अशी पद्धत होती.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझ्या बायकोनं सतरा नंबरचा फॉर्म भरला. म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं. नववीतून उठवून तिचं लग्न लावलं होतं, दोन लेकरं झाल्ती. गावात अंगणवाडी होणार, आणि दहावी पास बाईला आधी घेणार, असं ग्रामसेवक सांगून गेल्ता. हिनं तेच डोक्यात घेतलं. बाप सगळ्यांसमोर म्हणाला, "एक वर्ष. पास झाली तर खुशाल नोकरी करू दे. न्हाई झाली तर हा विषय घरात परत काढायचा न्हाई." माझा बाप वाईट माणूस नव्हता, पण एकदा बोलला की बोलला. म्हणजे मार्च महिन्यातले तेवढे पेपर, एवढाच काय तो तिचा हिशोब. भाकरी थापताना चुलीजवळ पुस्तक उघडं असायचं, त्याच्या पानांवर पिठाची बोटं उमटलेली.

परीक्षेचं सेंटर घनसावंगीला होतं आणि रस्त्याचं तर बोलायलाच नको. आठ किलोमीटर काळ्या मातीचा कच्चा रस्ता, आणि दिवाळीपासून त्यावरून उसाच्या ट्रॉल्या. ट्रॅक्टरांनी दोन खोल चाकोऱ्या पाडल्या, मधी मातीचा उंच पट्टा राहिला आणि फेब्रुवारीपर्यंत तो वाळून विटेसारखा टणक झाला. माझी जीप त्या पट्ट्यावर टेकायची आणि चाकं नुसती गरगर फिरायची. मंग सगळे खाली उतरा, कुदळ मारा, ढकला. कधी अर्धा तास, कधी दोन तास. एसटी तर केव्हाच बंद झाल्ती. अंबडकडून डांबरी रस्ता होता, पण त्या लांबच्या फेऱ्यात भाड्याचे पैसे डिझेलातच जायचे.

मी ठरवलं, गाडी उंच करायची. बायकोला म्हणालो, "तुला शाळेच्या फाटकापर्यंत नेऊन सोडतो, बघच तू." अगदी मनापासून म्हणालो. तिच्यासाठी आपण काय करू शकतो, तर गाडी. दुसरं मला येतच काय होतं?

जालन्यात ओळखीचा एक म्हातारा मिस्त्री होता. त्याच्याकडं विचारायला गेलो. तो म्हणाला, "टेकती कुठं?"

"खाली."

"खाली तो मालूम है. खाली कुठं? घुसून बघितलं का?"

मी काही घुसून बघितलं नव्हतं. म्हणालो, "सगळीकडंच टेकती. तुम्ही उंच करून द्या."

"मंग टायर मोठे टाक. बराबर होईल."

चार मोठे टायर म्हणजे माझ्या ऐपतीबाहेरचं काम. मी म्हणालो, टायर न्हाई जमणार, स्प्रिंगचे पाटे वाढवा, कमी खर्चात बसवा. म्हातारा म्हणाला, "गाडी तेरी, मर्जी तेरी. चार दिवसांनी घेऊन ये."

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती भूमितीचं काहीतरी करून राह्यली होती. ऐकून घेतलं आणि वहीत एक वर्तुळ काढलं. म्हणाली, "अहो, पाटे वाढवले तर वरची गाडी वर जाईल, ते बरोबर. पण आस चाकाच्या मधोमध हाये ना? चाक तेवढंच राहिलं तर आस जमिनीपासून तेवढाच वर राहणार. त्रिज्या बदलतच न्हाई. आणि आसाच्या मधी तो गिअरचा लोखंडी गोळा हाये, तो टेकतो. मी दोनदा वाकून बघितलं, तुम्ही कुदळ मारत होता तेव्हा."

आता खरं सांगतो, मला काही कळलं न्हाई. आणि न कळल्याचा जो राग येतो, तो लय वाईट असतो. मी म्हणालो, "तू वहीत वर्तुळं काढ. गाडी मी चालवतो." आवाज एवढा चढला की धाकटं लेकरू रडायला लागलं. तिनं वही मिटली, लेकराला उचललं. त्यानंतर त्या विषयावर एक अक्षर बोलली न्हाई. मला वाटलं, पटलं तिला.

मिस्त्रीनं तीन दिवस काम केलं. भंगारातून टेम्पोचे जुने पाटे आणले, भट्टीत लाल करून, ठोकून त्यांना कमान दिली आणि चारी बाजूंना दोन-दोन वाढवले. पाटे टांगायच्या पट्ट्याही लांब करून बसवल्या. गाडी वर गेल्यावर ब्रेकचा रबरी पाइप ताणून बसला, तोही बदलावा लागला. शेवटी गाडी चांगली चार बोटं वर उभी राहिली. मी भोवती दोन चकरा मारल्या. एवढी खुशी मला लग्नातही झाल्ती का, सांगता येत न्हाई. निघताना मिस्त्रीनं चाकावर लाथ मारली आणि म्हणाला, "पैया वहीच है, याद रख." मी हसून घेतलं.

परत आलो तो अंबडच्या अंगानं, डांबरी रस्त्यानं. पहिला पेपर दुसऱ्याच दिवशी होता, त्यामुळं उसाच्या रस्त्यावर गाडी घालून बघायला वेळच मिळाला न्हाई. गावात मात्र सगळे बघायला जमले. एका म्हातारीला पाय वर टाकता येईना. ती म्हणाली, "मेल्या, आता शिडी पण ठेव संगं." लोक हसले, मीही हसलो.

सकाळी आठला गाडी पुसून घरासमोर लावली, पुढची सीट रिकामी ठेवली. बायको बाहेर येईना. आई म्हणाली, "ती तर सातलाच गेली. कॅनॉलच्या कडेनं, चालत. भाकर बांधून नेली."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सवाऱ्या बसून राहिल्या होत्या. एकानं चिमटा काढलाच, "काय, वहिनी रुसल्या का?" ज्या बाईसाठी गाडी उंच केली, तीच बसली न्हाई, तेही गावादेखत. डांबरी रस्त्याच्या फेऱ्यानं गेलो असतो तर निवांत पोचलोही असतो. पण मंग गाडी उंच केली कशाला? मी सरळ चाकोरीत घातली.

तीन किलोमीटर गेलो आणि गाडी लटकली. चाकं फिरून राह्यली आणि गाडी जागच्या जागी. सगळे खाली उतरले. मी पहिल्यांदा खरोखर गाडीखाली घुसलो. चेसी वर, सायलेन्सर वर, मधून हात फिरेल एवढी जागा. आणि मधोमध तो गोळा मातीत रुतून बसलेला. तिनं सांगितलं होतं, अगदी तिथंच.

मी तसाच उताणा पडून राहिलो. बाहेरून कुणीतरी विचारलं, लागलं का काही? न्हाई म्हणालो. अकरा वाजले तेव्हा मी अजून कुदळ मारत होतो. अकराला पेपर. ती आज या सीटवर असती तर तिचं वर्ष, तिची अंगणवाडी, सगळं याच पट्ट्यावर संपलं असतं, आणि संपवणारा मी. कुदळ तिथंच टाकली आणि चालत सुटलो.

दोन वाजता ती शाळेच्या फाटकातून बाहेर आली. मला बघून थांबली.

"गाडी कुठंय?"

"लटकली."

"गोळ्यावर?"

मी मान हलवली. मला वाटलं, आता ऐकवेल, आणि तिनं ऐकवावं असंच मला वाटून राह्यलं होतं. शेवटी मीच म्हणालो, "तुला माहीत होतं, मंग परत सांगायचं न्हाई का?"

"एकदा सांगितलं तर केवढे ओरडलात," ती म्हणाली. "आणि तुम्ही ते माझ्यासाठी करून राह्यले होते, मला दिसत होतं की. मंग कशाला मोडता घालू? पण पेपर माझा होता. तो तुमच्या गाडीत ठेवायची माझी हिंमत झाली न्हाई."

फाटकासमोर पोरांची गर्दी होती आणि मला रडू आलं. लपवता आलं न्हाई. तिनं पदराखालची पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि पेपर कसा गेला ते सांगायला लागली.

बापाला संध्याकाळी सांगितलं, परीक्षा होईपर्यंत गाडी उभी राहील. दुसऱ्या दिवशी बाप दोन्ही लेकरांना घेऊन मेंढरांमागं गेला. बाकीच्या सगळ्या पेपरांना मी तिच्यासंगं चालत गेलो, चालत आलो. तिचं पॅड माझ्या काखेत असायचं. ती वाटेनं पाठ म्हणायची, मी नुसतं हूं हूं करायचो.

जूनमध्ये ती पास झाली, इंग्रजीत अगदी काठावर. पुढं अंगणवाडीही मिळाली. तोपर्यंत मी कुठून कुठून जमवून जुने पण मोठे टायर टाकले होते, आणि गाडी त्या रस्त्यानं नीट चालायला लागल्ती. एकदा तालुक्याहून अंगणवाडीच्या मोठ्या बाई तपासणीला आल्या. त्यांना आणि बायकोला पुढच्या सीटवर घेऊन निघालो. मागं गच्च सवाऱ्या. बाई म्हणाल्या, "गावात ऐकलं हो मी. बायकोच्या परीक्षेसाठी गाडी एवढी उंच केलीत. तुमच्यामुळं शिकली ती."

बायको समोर रस्त्याकडं बघत होती. त्या दिवशी कुदळ मारलेले चार-पाच जण मागच्या सवाऱ्यांतच होते, पण कुणी तोंड उघडलं न्हाई. माझी इज्जत सांभाळून राह्यले होते बिचारे.

मी गाडी हळू केली.

"न्हाई बाई," मी म्हणालो. "ती चालत गेल्ती."