भिवाचा उलटा कर्णा

कोपरचा भिवा कल्याणच्या एका बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचा. इतरांच्या ट्रॉम्बोनचा कर्णा पुढे असे. भिवाच्या जुन्या लष्करी ट्रॉम्बोनचा मात्र खांद्यावरून मागे तोंड केलेला. मागच्या वादकांचे कान किटत म्हणून मास्तरांनी त्याला शेवटच्या रांगेत टाकलेलं. लोक हसत. भिवा म्हणे, "पुढं रस्ता हाय, त्याला काय ऐकवायचं? मानसं तर मागं हायेत."

माझ्या आईला फार कमी ऐकू यायचं. थोरल्या भावाच्या वरातीत ती बिचारी नुसतीच चालली होती. १९५४ साली डोंबिवलीत माझी वरात निघाली, तेव्हा ती भिवाच्या अगदी पाठीमागे होती. घोड्यावरून पाहतो तर तिची बोटं पदरावर ताल धरत होती. मला रडू आवरेना. लोकांना वाटलं, नवरदेव घोड्याला घाबरला. वाटेना का.

वरात पोचल्यावर आई नारळ घेऊन बँडवाल्यांकडे गेली. वाद्यं खाली ठेवलेली, आणि तोंडावरून तिला माणूस ओळखू येईना.

"सगळे जरा पाठ फिरवा बघू," ती म्हणाली.

सगळे वळले. भिवाच्या घामेजल्या पाठीवर हात ठेवून ती म्हणाली, "हाच तो."