शारदाआत्याच्या साडीला कात्री

"लग्नाच्या रेशमाला कात्री लावायची नाही. का, ते विचारायचं नाही." कुंभकोणममधल्या आमच्या मराठी घराचा हा नियम. आणि त्याच घरात शारदाआत्या, नाच बसवणारी आणि कापडाचे तुकडे जोडून भिंतीएवढी चित्रं शिवणारी! किस्से साठणार नाहीत तर काय?

आत्या नाच आधी कापडावर बसवते. प्रत्येक मुलीला एका रंगाचा दोरा. तो जाईल तसं तिने स्टेजवर फिरायचं. एकदा ती चेन्नईला गेली आणि आम्ही कापड बघूनच तालीम केली. ते उलटं टांगलेलं, मागची बाजू पुढे! कार्यक्रमात सगळ्या जणी विंगेत जायच्या ऐवजी रांगेने मृदंगवाल्याच्या अंगावर.

"मागच्या गाठी एकीलाही दिसल्या नाहीत का गे?" आत्या एवढंच म्हणाली.

तिरुभुवनमच्या विणकर सोसायटीत ती दोरे मागायला गेली. मागाखाली पडलेले.

"अम्मा, कचरा आम्ही विकत नाही."

"मग फुकट द्या!"

दोन पोती घेऊन आम्ही बसने परत.

एका लग्नाच्या हॉलमध्ये तिचं चित्र लावलं होतं. माझे मामा जेवून आले आणि त्याच्या कोपऱ्याला हात पुसले. "टॉवेल फार टोचतो बुवा!"

"जरीची तार आहे, मामा. तोंड तेवढं पुसू नका."

परवाचं मात्र वेगळं. चेन्नईच्या प्रदर्शनासाठीचं चित्र जवळजवळ तयार, फक्त मधला लाल तुकडा बाकी. आत्याला तो स्वतःच्या लग्नाच्या साडीतूनच हवा होता. नवरा कधीच सोडून गेला. साडी पेटीत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिने घरात परवानगी मागितली.

"ती आता हिच्या लग्नाची," तिचे थोरले भाऊ तात्या माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले.

"नाचाचे ड्रेस रेशमी साड्या कापूनच शिवतात ना?" मी विचारलं.

"ते शिवणं. हे कापणं," काकू म्हणाल्या.

"आणि नवऱ्याने टाकलं ते भिंतीवर टांगून गावाला दाखवायचंय?" तात्या.

आत्या साडीची घडी घालू लागली. मृदंगवाल्याला, सोसायटीला, मामांना न घाबरलेली बाई!

मी घडी तिच्या हातातून काढून घेतली आणि पुन्हा उलगडून तिच्या मांडीवर पसरली. कात्री शेजारी ठेवली.

"मी ही नेसणार नाही. माझ्या लग्नात नाही, कुणाच्याच नाही. आता कुणासाठी राखायची, सांगा."

तात्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी पंख्याकडे. आत्याने कात्री उचलली.