सत्यवानाच्या गाडीतला वारा

मालवणात टॅक्सी चालवणाऱ्या सत्यवानाची फुशारकी एकच, "माझ्या गाडयेत धूळ शिराची नाय!" वारा यायच्या झरोक्याला तो आतून पातळ फडकं बांधी, आणि ते तांबडं झालं की बदली.

कार्तिकी एकादशीला पेठेतल्या अक्का मोतिया रेशमी लुगडं नेसून वालावलच्या लक्ष्मी-नारायणाला निघाल्या. त्या खूश झाल्या तर सारी पेठ आपली, हे सत्यवान जाणून होता. म्हणून त्याने घाईघाईत दांडीवरचं फडकं ओढून झरोक्याला बांधलं. त्यावर बायको सुकट वाळत घालते, हे त्याच्या नाकाला कळलंच नाही. मालवणचं नाक ते!

अक्का वाटभर पदर नाकाला लावून बसल्या. देवळाशी सत्यवान छाती फुगवून म्हणाला, "अक्कानू, लुगड्यार एक डाग दाखवा!"

"डाग नाय रे मेल्या. पण सगळी वाट सुकटीचो वास हुंगत इलंय. एकादशी बुडाली माझी!"

सत्यवानाने फडकं हुंगलं, क्षणभर वरमला. "म्हणजे धूळ नाय इली ना?"

अक्कांना हसू आवरेना. "नाय इली. उद्या कुडाळाक जावचा आसा, सकाळीच ये."

"येतंय. फडको बदलूनच येतंय."

"ऱ्हवांदे तो," अक्का इकडेतिकडे बघत हळूच म्हणाल्या, "उद्या द्वादशी."