मेळ्यातली मागची ओळ

गणपतीत श्रीवर्धनच्या बाजारपेठेतला मुलांचा मेळा अंगणाअंगणांत पदे म्हणायचा. म्हाताऱ्यांपासून तान्ह्या लेकरांपर्यंत सगळे घर ऐकायला बसे. त्या मेळ्याच्या मास्तरांविषयी माझ्या मनात आजही आदर नाही. शाळेतल्या मास्तरांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांच्यामुळेच कोळीवाड्यातला मी पहिला पदवीधर झालो. हे मास्तर वेगळे. ते पेटी वाजवत, आणि माणसाची किंमत त्याची वाडी पाहून ठरवत.

गळा चांगला म्हणून त्यांनी मला घेतले, पण उभे केले शेवटच्या ओळीत. पुढे जरीची टोपी घालून एका सुपारीच्या बागाइतदाराचा मुलगा. कडवे मी म्हणायचे, त्याने ओठ हलवून हातवारे करायचे, बाकीच्यांनी मागून ध्रुपदाची झील धरायची.

"तुझ्या अंगाला मासळीचा वास येतो. पुढे बायकामाणसे बसतात," मास्तरांनी तोंडावर सांगितले.

घरी मी एवढेच सांगितले होते, की कडवी मी म्हणतो.

त्या वर्षी मेळा त्याच बागाइतदाराच्या अंगणात होता. आई शेजारणीला आणि आणखी चार बायकांना घेऊन आली. आत कुणी बोलावले नाही. त्या कुंपणाबाहेर उभ्या राहिल्या. पहिले कडवे संपताच ओटीवरची म्हातारी म्हणाली, "काय गोड गळा गं माझ्या नातवाचा!"

"त्यो माजा पोर गातोय," आई बाहेरून म्हणाली.

सगळे अंगण हसले. शेजारीणही हसली. "अगो, तुजा पोर तं पार मागं हाय. तोंड तं त्या टोपीवाल्याचं हालतंय. कशाला खोटं बोलतंस?"

"ए बाई, गप!" मास्तर मान न वळवता ओरडले.

मी दुसरे कडवे उचलले आणि आईने हाक दिली. समुद्रात गेलेल्या होडीला किनाऱ्यावरून देतात तशी.

"गप ऱ्हा रं, पोरा! बगू दे कोन गातंय त्ये!"

मी गप्प झालो. पुढच्याचे तोंड उघडेच, हात छातीवर. पेटी एकटीच थोडी पुढे गेली. ओटीवरून एक लहान पोर म्हणाले, "दादाचा आवाज कुठं गेला?"

आता कुंपणाबाहेर हसू फुटले.

माझ्या अंगातला सदरा मेळ्याचा होता. मास्तरांनी तो सर्वांदेखत उतरवून घेतला. "ह्यांना जवळ केले की असे होते," ते बागाइतदाराला म्हणाले.

मी उघड्या अंगाने बाहेर आलो. आईने खांद्यावरचे फडके माझ्या अंगावर टाकले आणि ती शेजारणीकडे वळली. "आता आयक. गा रं."

मी रस्त्यात उभा राहून अख्खे पद म्हटले. आत पेटी मुद्दाम जोरात वाजू लागली. बायकांनी झील धरली, सगळी चुकीची. शेजारणीचा आवाज सर्वांत मोठा होता.

पुढे बी.ए. होऊन आलो तेव्हा भर बाजारात त्याच मास्तरांनी माझा हात धरला. "आमच्या मेळ्यातला मुलगा हा!" ते लोकांना सांगू लागले.

मी हात सोडवून घेतला. "सदरा तुम्ही परत घेतलात," म्हणालो आणि कोळीवाड्याकडे चालू लागलो.