अमेरिकेविरुद्ध माझा अर्ज

मी चौथीपर्यंत शिकले. अर्जावर सही करायला तेवढं पुरतं. आजवर ही सही मी वीज, पाणी आणि रेशनवाल्याविरुद्ध केली होती. अमेरिकेविरुद्ध केली ती एकदाच.

आमची केळीची बाग निंबोल्याला आहे. माझ्या वाट्याच्या तुकड्यातला माल इराणला पाठवायचा असं मी त्या वर्षी हट्टानं ठरवलं. घरात सगळे हसले. बाहेरदेशी जाणाऱ्या केळाला डाग चालत नाही, ओरखडा चालत नाही. प्रत्येक घडाला पिशवी घालावी लागते. त्या घडांना मी जपलं तेवढं माझ्या पोरांनाही जपलं नाही. स्टुलावर चढून पिशव्या मी बांधल्या. खाली स्टूल धरायला माझे दीर होते. ते कागदाच्या मिलमध्ये कारकून होते. रिटायर झाल्यापासून परराष्ट्र खातं त्यांच्याकडेच आहे. रोज सकाळी ओट्यावर चार म्हातारे जमवतात आणि अमेरिकेनं कुठल्या मुसलमान देशाशी दोस्ती करावी, कुठल्याला दम द्यावा, ते सांगतात. अमेरिका ऐकत नाही, तो भाग वेगळा.

घड तयार झाले तेव्हा व्यापाऱ्याचा माणूस आला. केळाची जाडी मापानं मोजली आणि म्हणाला, "माल एकदम फर्स्टक्लास आहे, पण कापू नका. अमेरिकेनं इराणला धमकी दिली आहे. जहाजं थांबली."

"मग कधी कापू?"

"जहाज सुटलं की. पण बारा दिवसांत सुटलं पाहिजे. नंतर केळं भरून गोल होईल. ते जहाजात पिकून जाईल, आम्ही घेणार नाही. मग इथल्याच बाजारात द्या."

इथल्या बाजारात द्यायची तर मी स्टुलावर कशाला चढले असते?

दीर ओट्यावरून म्हणाले, "वहिनी, हे आंतरराष्ट्रीय प्रकरण आहे. आपल्या हातात काही नाही."

"रोज तर तुमच्याच हातात असतं."

ते चिडले. चिडले की ते अर्ज लिहितात. मंगळवारी कलेक्टर ऑफिसात जनसुनवाई असते, तिथे गावातली माणसं आपली गाऱ्हाणी घेऊन जातात. दिरांनी झकास अक्षरात मजकूर केला: विषय, अमेरिकेची लढाई एक महिना पुढे ढकलण्याबाबत. खाली लिहिलं की अर्जदार वृद्ध महिला असून तिचे घड तयार आहेत, तरी माननीय महोदयांनी अमेरिकेस समज द्यावी. मी सही केली आणि बसनं बऱ्हाणपूरला गेले.

खिडकीतल्या माणसानं अर्ज वाचला. परत वाचला. "अम्मा, तक्रार कोणाविरुद्ध?"

"लिहिलंय ना. अमेरिका."

त्यानं कॉम्प्युटरमधली यादी वरखाली केली. पंचायत होती, वीज होती, हातपंप होता. अमेरिका नव्हती. मागे रांग ओरडायला लागली. शेवटी त्यानं विचारलं, "केळीचं आहे ना? मग बागायत विभाग." आणि बटण दाबलं.

अशी अमेरिका बागायत विभागाकडे गेली.

तिसऱ्या दिवशी हेल्पलाइनवरून एका पोरीचा फोन आला. "माताजी, आपकी शिकायत का समाधान हो गया है. अधिकाऱ्यांनी लिहिलंय, जागेवर जाऊन पाहणी केली असता निंबोला येथे युद्ध आढळून आले नाही. आप संतुष्ट हैं?"

"नाही."

"नाही?"

"जहाज सुटलं का?"

"ते इथे लिहिलेलं नाही, माताजी."

"मग नाही."

दुपारी बागायतीचा बाबू मोटारसायकलवर धावत आला. गोल चेहरा, पांढरा शर्ट, घामाघूम. खाटेवर बसायच्या आधीच त्यानं हात जोडले. "अम्मा, फोनवर संतुष्ट म्हणा आणि बंद करा ना तक्रार. ती माझ्या नावावर चढली आहे. वरचे साहेब रोज विचारून राहिले, अमेरिकेचं काय झालं. मी काय सांगू?"

"तू बाग पाहायला कधी आला होतास?"

त्यानं रुमाल काढून घाम पुसला.

"न येताच युद्ध नाही म्हणून लिहिलंस? असतं म्हणजे?"

दिरांनी त्याला चहा दिला आणि शांतपणे समजावलं की तक्रार बंद झाली नाही तर वरच्या साहेबाकडे जाते, मग भोपाळला जाते. भोपाळच्या वर दिल्ली. दिल्लीच्या वर आपोआप अमेरिकाच. ओट्यावरच्या चौघांनी माना डोलावल्या. बाबूनं चहा तसाच ठेवला.

त्याच आठवड्यात तिकडे खरंच गोळाबार सुरू झाला आणि बाबू रोज यायला लागला. मी बागेत घड चाचपत फिरायची. केळाच्या कडा टोकदार असल्या की माल जहाजाचा, कडा गेल्या की बाजाराचा. बारांतल्या सातव्या दिवशी कडा होत्या. नवव्या दिवशी जरा बोथटल्या. बाबू माझ्या मागे चिखलातून चालत बोटानं कडा पाहायला शिकला. मग आमच्या घरी बसून तो टीव्हीवर इराण पाहायचा आणि दिरांना विचारायचा, "काका, समझौता होईल ना?" दीर म्हणायचे, "मी सांगतोय त्यांना." त्या दिवसांत निंबोल्यात शांततेसाठी त्याच्याइतकं तळमळणारं दुसरं कोणी नव्हतं.

अकराव्या दिवशी सकाळी टीव्हीवर सांगितलं, दोघांनी गोळाबार थांबवला. दिरांनी ओट्यावर छाती फुगवली. तासाभरात व्यापाऱ्याच्या माणसाचा फोन आला. संध्याकाळी कंटेनर निघणार, माल आजच कापा.

बाबू उड्या मारत आला. "अम्मा, युद्ध संपलं! फोन येईल, हो म्हणा!"

"माल अजून झाडावर आहे," मी म्हणाले. "सगळ्या गावाची कापणी आजच निघाली. मला चारच माणसं मिळाली. कंटेनरमध्ये चढला की मी हो म्हणीन."

त्यानं घड्याळ पाहिलं. मग शर्ट काढून झाडाला टांगला, बनियनवर फोमची गादी खांद्यावर घेतली आणि घड वाहायला लागला. पहिला घड घेताना गुडघ्यावर आला. दुसऱ्या वेळी मी त्याला शिव्या दिल्या, कारण घड टेकला तर डाग पडतो. मग नीट जमलं. केळीचा चीक लागून त्याचा बनियन काळा झाला. दीर बांधावर उभे राहून म्हणत होते, "सावकाश, सावकाश, हा माल इराणचा आहे." त्यांना मी केळ्यांच्या फण्या धुवायला बसवलं.

दुपारी व्यापाऱ्याच्या माणसानं माप लावलं. मी त्याच्या मापावरून नजर हलवली नाही, हे कबूल करते. कडेच्या दोन ओळींचा माल जाड भरला. तो बाजूला काढला. बाकी सगळा पास झाला आणि खोक्यांत गेला. दिवस मावळायच्या आत कंटेनरचं दार लागलं.

तेवढ्यात माझ्या पदराच्या गाठीला बांधलेला फोन वाजला. "माताजी, आप संतुष्ट हैं?"

बाबू बांधावर आडवा पडला होता. त्यानं मान उचलून माझ्याकडे पाहिलं.

"दोन ओळी गेल्या," मी म्हणाले.

"अम्मा!" तो ओरडला.

"पण संतुष्ट आहे. लिही."