चुकीच्या धडावर बसवलेलं डोकं

वसंतराव कुदळे साहेबांची आणि माझी पहिली गाठ चाकणच्या कंपनीत, तपासणी विभागात पडली. मी जवळच्याच गावातला, शेतकऱ्याच्या घरातला, डिप्लोमा करून नुकताच चिकटलेला. पहिल्याच आठवड्यात मी एक शाफ्ट न मोजताच 'ओके' करून पुढे ढकलला. साहेबांनी ट्रॉलीतून नेमका तोच उचलला, मायक्रोमीटर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "गाडे, मोजा आणि मला सांगा." माप चुकलेलं होतं. त्यांनी त्यावर माझ्याच हाताने लाल टॅग लावून घेतला आणि मग मला चहाला नेलं. हेल्परपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांशी अहो-जाहोने बोलणारे साहेब चूक करणाऱ्याला सांभाळून घेत, लपवणाऱ्याला नाही. हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. म्हणूनच पुढचं लिहिताना जास्त लाज वाटते.

साहेबांचं दुसरं आयुष्य चिंचवडच्या घरातल्या मागच्या खोलीत चाले. तिथे एक मायक्रोस्कोप आणि भुंगेऱ्यांचे डबे होते. साहेबांचा अभ्यास रोव्ह बीटल या एकाच कुळाचा. पंखांवर आखूड झाकणं असलेले, अर्धी पाठ उघडी असलेले, मुंगीएवढे हे जीव पाचोळ्याखाली राहतात. प्राणिशास्त्राची पदवी नसताना साहेबांनी त्यांच्यावर लिहिलेले निबंध परदेशातले अभ्यासक वाचत. दर रविवारी मी तिथे जाऊन बसू लागलो. वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी साहेबांनी माझ्या तीन शिफ्ट स्वतः केल्या, आणि तेही मला दुसऱ्याकडून कळलं. अशा माणसाशी मी कसा वागलो, ते आता सांगतो.

एका रजेत साहेब केरळातल्या उंच डोंगरावर गेले होते. तिथलं जंगल वर्षाचे कित्येक महिने ढगात बुडालेलं असतं. तिथल्या पाचोळ्यातून त्यांनी आणलेल्या भुंगेऱ्यांत एक अगदी निराळा होता. नवी जात, असं ते हळूच म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांना इतकं खूश झालेलं मी पाहिलं नव्हतं. ते नमुने कोमट पाण्यात मऊ करून नव्या कार्डांवर चिकटवायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. सेकंड शिफ्टची बस गाठायची होती म्हणून मी घाई केली. ओल्या कागदावर दोन भुंगेऱ्यांची डोकी एकदमच निखळली. कुठलं कुणाचं ते कळेना. मी अंदाजाने डिंक लावला आणि निघालो.

पुढच्या रविवारी मायक्रोस्कोपखाली पाहिलं. मानेचा रंग जुळत नव्हता. डोक्यांची अदलाबदल झाली होती. पण साहेबांनी त्या नव्या भुंगेऱ्याची चित्रं काढायला सुरुवातही केली होती. मी गप्प बसलो. एवढंच नाही, तर दुसरा भुंगेरा, ज्याच्यावर नव्या जातीचं खरं डोकं बसलं होतं, तो गुपचूप डबीत घालून घरी आणला. त्यांनी विचारलं तेव्हा सांगितलं, तो हाताळताना मोडला.

साहेबांनी आठ महिने खपून त्या जातीचं वर्णन लिहिलं, नाव दिलं, ते छापून आलं. मग एका परदेशी तज्ज्ञाने नमुना मागवून पाहिला आणि कळवलं की डोकं दुसऱ्याच, आधीपासून माहीत असलेल्या जातीचं आहे. साहेबांनी जाहीरपणे वर्णन मागे घेतलं. नमुना जोडण्यातली चूक आपली स्वतःचीच, असं त्यांनी आपल्या सहीने लिहिलं. पुण्यात कीटक-अभ्यासकांच्या एका बैठकीत कुणीतरी म्हणालं, कारखान्यातली माणसं सुटे भाग जोडणारच. सगळे हसले. मी साहेबांच्या शेजारच्याच खुर्चीवर होतो. त्यानंतर साहेबांनी नवीन जातीवर कधी लिहिलं नाही.

साहेबांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी समितीने आठवणी मागितल्या. मी चार पानं लिहून बायकोला वाचून दाखवली. ती डबी कपाटात कशासाठी आहे, ते तिला ठाऊक आहे. सगळं ऐकून ती म्हणाली, "समदं ग्वाड लिवलंय. त्या डोक्याचं कोन लिवनार?" ती पानं मी फाडली आणि डबी घेऊन चिंचवडला गेलो.

साहेबांनी मधे एकदाही न अडवता ऐकलं. त्यांचा पहिला प्रश्न होता, भुंगेऱ्याखाली तो सापडला त्या गावाची आणि तिथल्या उंचीची चिठ्ठी आहे का. होती. त्यांनी वहिनींकडून कोमट पाणी मागवलं, माझा तो डिंक सोडवला आणि बराच वेळ मायक्रोस्कोपवर वाकून राहिले. परदेशातून परत आलेल्या जुन्या नमुन्याच्या धडावर ते डोकं नीट बसलं. जात खरोखरच नवी होती. मी तोंड उघडलं असतं तर ती तेव्हाच वाचली असती.

मी कबुली या लेखात लिहितो म्हणालो. त्यावर साहेब म्हणाले, "इथे लिहून तुम्हाला हलकं वाटेल, गाडे. चूक जिथे छापली, तिथेच दुरुस्ती छापायची. तुमच्या नावाने." मग चष्मा पुसत म्हणाले, "तेव्हा सांगितलं असतंत तर आणखी नमुने आणायला मी पुन्हा त्या डोंगरावर गेलो असतो. आता गुडघे नाहीत."

दुरुस्तीचा निबंध आम्ही लिहायला घेतला आहे. मोतीबिंदूमुळे साहेब दिवसाला तासभरच मायक्रोस्कोपवर बसतात. प्रत्येक माप मी घेतो आणि ते पुन्हा मोजून पाहतात. पूर्वी ते माझी मापं पुन्हा मोजत नसत.

पंचाहत्तरीनिमित्त साहेबांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभावं, असं आपण सगळेच मनापासून म्हणतो आहोत. माझ्या म्हणण्यात स्वार्थ आहे, तोही कबूल करतो. साहेबांनी मला अजून माफ केलेलं नाही. त्यासाठी त्यांना लागतील तेवढी वर्षं मिळोत.