रिपोर्टाआधी भिजवलेले गहू

स्कॅन करून परतले त्याच संध्याकाळी मी कोणाला न विचारता गहू भिजत घातले. अकोल्याहून अमडापूरपर्यंत एसटीत बसून अंग आंबून गेलं होतं, हातावर सुईच्या जागी कापूस तसाच चिकटलेला. तशीच मोठं गंज काढलं, निवडून ठेवलेले गहू ओतले, वरून पाणी. नवरा दारात उभा राहून बघत होता.

"हे काय करून राह्यली?"

"कुरडयांचे गहू. दिसत नाही काय?"

"अवं, रिपोर्ट तं येऊ दे आधी."

बस्स! हेच वाक्य मला नको होतं. वर्षभर आमचं घर त्याच वाक्यावर अडून बसलं होतं. पोरीचं कॉलेज, मागच्या खोलीचा रंग, एवढंच काय, माझ्या नव्या चपलासुद्धा. स्तनाचं ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशनचे शेक झाले, आणि सगळं आटोपलं म्हणेस्तोवर पुढच्या स्कॅनमध्ये लिव्हरवर एक ठिपका निघाला. डॉक्टर म्हणाले, आजार असेल, नसेलही; तीन महिन्यांनी पुन्हा पाहू. झालं, आणखी तीन महिने रिपोर्ट येऊ दे! आता तेही सरले होते, आणि डॉक्टर रिपोर्ट बघून काय ते सोमवारी सांगणार होते. म्हणून मी गहू भिजवले. भिजलेला गहू कोणासाठी थांबत नाही. रोज पाणी बदला, मग वाटा, गाळा, रात्रभर चीक खाली बसू द्या, आणि सकाळी शिजवलाच पाहिजे, नाहीतर सगळं फुकट. शिजवायची सकाळ सोमवारचीच येईल असा बेत मी मुद्दाम धरला होता. मी हट्टी आहे, आईच म्हणायची.

गहू भिजला की नाही ते चिमटीत दाबून कळतं. पण केमोनं माझ्या बोटांची टोकं बधिर झाली आहेत, गरम-गार काही समजत नाही. मग मी दाणा दाबायची आणि डोळ्यांपाशी नेऊन बघायची, दूध निघतं का. निघत होतं. मला फार बरं वाटायचं.

रविवारी गहू वाटायला थोरल्या जाऊबाई आल्या. त्या शेजारच्याच घरात राहतात. केमोच्या दिवसांत मला न्हाऊ घालणाऱ्या, उलटीसाठी घमेलं धरणाऱ्या त्याच. गंज पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

"बाप्पा! एवढे? यंदा थोड्याच कर नं वं. निम्मे मी घरी नेते."

माझं डोकंच फिरलं. "काऊन? वर्षभर खायले मी राहणार नाही, असंच नं?"

 त्या पदर खोचून वाटायला बसल्या. नेहमी त्यांचं तोंड एका जागी राहत नाही, त्या दिवशी मात्र आम्ही दोघी मुक्यानं चीक गाळला. मला वाईट वाटत होतं, पण मी काही माघार घेतली नाही.

सोमवारी नवरा पहिल्या गाडीनं फाईल घेऊन गेला. मी म्हटलं, चीक टाकून मी येत नाही. खरं सांगायचं तर त्या दवाखान्याच्या बाकड्यावर बसून आपलं नाव पुकारायची वाट बघायचा मला वीट आला होता, आणि भीतीही वाटत होती. घरी निदान हाताला काम होतं.

चीक घोटायला जोर लागतो. ऑपरेशनपासून माझा डावा हात सुजतो, म्हणून जाऊबाईंनीच घोटला. मग आम्ही गच्चीवर लुगडं अंथरलं. त्या सोऱ्यात गरम चीक भरून देत, मी उजव्या हातानं दाबून लुगड्यावर कुरडया पाडत होते. दोन ओळी झाल्या तेव्हा त्या एकदम म्हणाल्या,

"तुह्या खाण्याचं नव्हतं वं म्हटलं मी. तुले काही झालं, अन् या डबाभर कुरडया घरात राह्यल्या, तं मी तळू कशा? माह्या हातानं तेलात सोडू कशा?"

 मी पुढची कुरडई पाडत म्हटलं, "तळजा. अन् जळू नका देजा. माह्या हातच्या हायेत."

"मेली," म्हणाल्या, आणि डोळे पुसायला त्यांनी तोंड फिरवलं.

तेवढ्यात कठड्यावरचा फोन वाजला. आमचे दोघींचेही हात चिकानं भरलेले. त्यांनी कोपरानं कसाबसा फोन चालू केला आणि आम्ही दोघी त्यावर वाकलो. पलीकडे नुसता गलका, नवरा बोलेचना.

"अवो, बोला नं! काय म्हणे डॉक्टर?"

"वाढला नाही," तो म्हणाला. "ठिपका आहे तेवढाच आहे. आजाराचा नाही म्हणते. दुसरंही कुठं काही नाही. आता सहा महिन्यांनी या म्हणते." पुढे त्याचा आवाज फुटला.

"बरं," मी म्हटलं, "जेवून घ्या तिकडंच." फोन बंद झाला. मी सोऱ्या उचलला, अजून एक कुरडई पाडली, ती भलतीच वाकडी पडली.  मी तिथंच खाली बसले आणि असा हंबरडा फोडला की पलीकडच्या गच्चीवरच्या बाया हातातलं काम टाकून बघायला लागल्या. मला लाज वाटली. मी मनगटानं तोंड दाबलं.

जाऊबाईंनी माझा हात तोंडावरून काढला. "रड," त्या म्हणाल्या. "आता तू रडली तं आम्हाले भेव लागत नाही."